व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे, व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस आलीय, ग्रुप डिलीट करू का?

द्राक्षवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या बागायतदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, फवारणी, हवामान, दर, मजुरांच्या टोळ्या असलं सगळं त्यावर चालतं, अ‍ॅडमिन मी. यंदा एका बाहेरच्या व्यापाऱ्यानं आमच्यातल्या चारपाच जणांचा माल उचलला, थोडा इसार दिला, राहिलेल्याचे चेक दिले, ते बाउन्स झाले आणि आता गडी फोनच उचलत नाही. एका मेंबरनं चिडून ग्रुपवर टाकलं की हा चोर आहे, कुणी माल देऊ नका, सोबत त्याचा फोटो आणि सौद्याच्या वेळी दिलेल्या आधार कार्डाचा पण फोटो. ते कुणीतरी पुढं धा ग्रुपवर ढकललं. आता नोटीस आलीय, पोस्ट टाकणाऱ्याला आणि मला पण. बदनामी केली, आयटी अ‍ॅक्ट कलम 66अ लागतंय, लेखी माफी मागा, भरपाई द्या वगैरे. मी त्यात एक अक्षर लिहिलेलं नाही हो. घरचे म्हणतायत ग्रुप डिलीट कर आणि मोकळा हो.

बेदाणा_किंग:
पैसे तुमचे बुडाले आणि अब्रू त्याची गेली, भारीय 😂 पण भावा ग्रुप बंदच कर, आधी अ‍ॅडमिनलाच उचलतात. आमच्याकडं गणपतीच्या आधी सगळ्या अ‍ॅडमिनना ठाण्यात बोलवून नोटिसा देतात की.

कोर्टाची_पायरी:
ग्रुप अजिबात डिलीट करू नका!! उद्या तुमच्याच बाजूनं लागणारा पुरावा तुम्हीच पुसून बसाल. त्याच ग्रुपवर बाकीच्यांनी पण लिहिलं असेल ना की माझेही पैसे अडकलेत, तेच तर कामाला येतंय. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, मूळ फोन जपा. नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही, 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम आहे, त्याच्या कलम 63 खाली सर्टिफिकेट जोडावं लागतं (जुन्या कायद्यात 65ब होतं तेच).

आता 66अ. नेटवर आक्षेपार्ह काही टाकलं तर शिक्षा देणारं ते कलम सुप्रीम कोर्टानं मार्च 2015 मध्येच रद्द केलंय, श्रेया सिंघल केस. पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून 2012 साली अटक झालेली, त्यातून तो विषय पेटला. एवढ्या वर्षांनी पण लोक नोटिशीत ते घालतात, घाबरवायला. असलं कलम घातलेली नोटीस बघितली की वकिलानं जुनाच ड्राफ्ट पुढं ढकललाय असं समजा.

अ‍ॅडमिनचं म्हणाल तर नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल आहे, गोंदियाकडची केस. मेंबरनं काय टाकावं हे अ‍ॅडमिनच्या हातात नसतं, दोघांचं आधी संगनमत असल्याशिवाय त्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनवर गुन्हा लावता येत नाही, असं कोर्ट म्हणालं.

कराडकर:
वकीलसाहेब बरोबर आहे, पण त्या निकालात अ‍ॅडमिनला मेंबर घेणं-काढणं एवढंच जमतं असं धरलंय. 2022 पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मग उद्या समोरचा म्हणणार की जमत होतं तरी तुम्ही ठेवलं का. यावर काय?

आणि बेदाणा_किंग, पोलिसांच्या त्या नोटिसा दंगलीच्या भीतीपोटी असतात. सप्टेंबर 2023 ला पुसेसावळीत पोस्टवरून काय झालं, एक जीव गेला, साताऱ्यात नेट बंद होतं, आम्ही बघितलंय. त्यात आणि व्यापाऱ्याच्या उधारीत लई फरक आहे, तिथल्या भीतीनं इथं गप्प बसायचं कारण नाही.

कोर्टाची_पायरी:
कराडकर, मुद्दा खरा आहे, म्हणूनच आधारचा फोटो आज काढा. पण एक्स्पोर्ट आधी, डिलीट नंतर. आधार नंबर असा जाहीर करायला आधार कायद्यातच मनाई आहे, तिथं तुमची बाजू खरोखर लंगडी पडते, मजकुराच्या बाबतीत तेवढी नाही. बदनामी म्हणजे आता न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, पण अदखलपात्र आहे, पोलीस त्यावर तुम्हाला उचलायला येत नाहीत, त्याला स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर जायला लागतं आणि दखल घेण्याआधी कोर्टाला तुमचं ऐकावं लागतं. त्याच कलमात अपवाद आहेत. खरं असेल आणि लोकांच्या हिताचं असेल तर बदनामी नाही, चांगल्या हेतूनं कुणाला सावध केलं तरी नाही. बागायतदारानं बागायतदाराला सांगितलं की याचे चेक परत आलेत, हे त्यातच बसवता येतं. त्या मेंबरला सांगा, चोर हा शब्द सोडा. "अमुक तारखेला माल दिला, अमुक रकमेचा चेक वटला नाही" एवढंच लिहा.

द्राक्षवाला_तासगाव:
लई आभार साहेब. फोटो काढतो आजच. मग नोटिशीला उत्तर देऊ का गप बसू?

कोर्टाची_पायरी:
उत्तर द्या, वकिलामार्फत, दोन पानांत. पण मला वेगळीच शंका येतेय. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कुणाकुणाला कधी मिळाला? चेक बाउन्सची केस लागते ती निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 खाली, त्याला मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत मागणीची नोटीस गेली पाहिजे, मग त्याला 15 दिवस, तेवढ्यात पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. तुम्ही सगळे बदनामीच्या नोटिशीत गुंतून बसला आणि इकडं ते 30 दिवस उलटले तर तो हसत घरी जातोय.

द्राक्षवाला_तासगाव:
अरे देवा. हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मेमो मार्च अखेरचे आहेत बहुतेक, एकाचा अजून बँकेतनं आणायचाच राहिलाय. सगळ्यांना फोन लावतो आत्ता.

कोर्टाची_पायरी:
ग्रुपवर टाकू नका, फोनच करा. वकिलाची फी जड जात असेल तर 15100 वर विचारा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं निकषात बसणाऱ्याला फुकट वकील मिळतो. आणि प्रत्येकाची 138 ची नोटीस वेगळी काढा, सगळ्यांची मिळून एक नको.