मातीतली शाळा: घातलंत? काढलंत? अनुभव लिहा

लेक पुढच्या जूनला पहिलीत जाणार. आम्ही कांदिवलीत, वन बीएचके, खाली नुसतं पार्किंग. झाडाखाली वर्ग, भाजीचे वाफे, घंटा नाही अशी एक खासगी शाळा बघून आलो आणि दोघंही भाळलो. सासूबाईंचं म्हणणं, चिखलात खेळायला एवढी फी? ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत किंवा होती त्यांनी लिहा ना, गोडगोड नको.

----

आमचा लेक २०२४ ला दुसरीत होता, तेव्हा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवीची झुडपं फुललेली, वर्ग तिकडे गेला, ताईंनी सांगितलं ही आठ वर्षांनी एकदाच फुलते, तर हा घरी येऊन बोटं मोजत बसला आणि म्हणाला बाबा पुढच्या वेळी मी दहावीत असेन, सुट्टी मिळेल का? बेरीज अशी पण शिकतात हे मला तेव्हा कळलं. पाढे मात्र घरी मीच घेतो हां, ते तिथे होत नाहीत. आणि गमबूट दोन जोड घ्या, एक वाळतच नाही.

----

आम्ही दोन वर्षांत काढलं. त्यांचा ओपन डे फेब्रुवारीत, हवा मस्त, सगळं छान दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं हॉलमध्ये बसून टीव्हीवर गांडूळ बघत होती! बाहेर खरं गांडूळ. शाळा बघायची तर भर पावसात, न सांगता जा आणि पोरांचे बूट बघा.

----

मी दादरची, रिटायर्ड बालवाडी शिक्षिका. हे नवीन नाही गं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली, गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणावर नेली. ती आदिवासी पोरांसाठी होती. आता तेच आपल्यासारख्यांना महागात विकतात, याचा मला जरा राग येतो. पण सासूबाईंना हे जरूर सांग.

----

मान्यतेचं आधी विचारा प्लीज. अकरा अंकी यू-डायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) आहे का, आठवीनंतर काय. आम्ही विचारलंच नाही, सहावीत कळलं की दहावी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून करायची. तसं वाईट नाही, पाच विषय, वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पुढे अकरावीला चालतं. पण आधी माहीत असतं तर झोप उडाली नसती.

----

बसमध्ये जाऊन-येऊन तीन तास जात असतील तर कसला डोंबलाचा निसर्ग. आमची जवळच्या साध्या शाळेत आहे, आणि ओहोटीची वेळ बघून रविवारी हाजीअलीच्या खडकांवर नेतो, खेकडे, शंख, सी-अ‍ॅनिमोन. खर्च लोकलचं तिकीट आणि वडापाव.

----

सगळ्यांना थँक्यू. जुलैत बघा म्हणताय पण फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय. उद्या सुटायच्या वेळी गेटबाहेर उभी राहते, दोन-चार आया गाठते. यू-डायसचं लिहून घेतलंय. बसचा रूट अजून कोणी सांगतच नाहीये.