तुळशीचा अर्क आणि चांदीचे नॅनोकण: कॅन्सरवर संशोधन की नुसते पेपर पाडणं?

टेस्टट्यूब: तुळस घ्या, कडुनिंब घ्या, काहीही चालतं. पाला उकळून गाळायचा, सिल्व्हर नायट्रेटमध्ये घालायचा. द्रावण तपकिरी झालं की नॅनोकण, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण, तयार. ते हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर) सोडायचे, किती पेशी जिवंत राहिल्या ते दाखवणारी एमटीटी टेस्ट लावायची. पेशी मेल्या की ‘कॅन्सरवर प्रभावी’. अहो, पण मारलं कुणी? चांदीचे आयन मुळातच पेशींना विषारी. नुसता अर्क, अर्काविना बनवलेले कण आणि निरोगी पेशी, हे सगळं शेजारीशेजारी तपासल्याशिवाय श्रेय तुळशीला कसं देता?

रानवाटा: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत झाडांतूनच औषधं काढली, १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन, १९७१ मध्ये टॅक्सॉल, दोन्ही कॅन्सरवरचे रेणू. टॅक्सॉल पाण्यात विरघळेना, म्हणून क्रेमोफोर नावाच्या तेलकट द्रावकात द्यायचे आणि त्याचीच रिअ‍ॅक्शन यायची. मग ते अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या एका प्रथिनाच्या) १३० नॅनोमीटरच्या कणांत बसवलं, क्रेमोफोरची गरजच संपली. २००५ पासून हे औषध वापरात आहे. वनस्पती अधिक नॅनो, दुसरं काय?

टेस्टट्यूब: यात अर्क कुठाय? तो एकच शुद्ध रेणू आहे, मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेला. अर्कात शेकडो रसायनं, त्यात पावसाळ्यातला पाला वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. डोस कशाचा ठरवणार?

सोनचाफा: तुमचं प्रयोगशाळेतलं भांडण घरात कसं पोचतं ते सांगते. आत्याची केमो चालू असताना कुणीतरी ‘नॅनो करक्युमिन’ची (हळदीतल्या मुख्य घटकाच्या गोळ्यांची) बाटली आणून दिली. डॉक्टरांना सांगायला ती तयारच नाही, “घरातली हळदच तर आहे!” भाजीतली हळद अंगी फारशी लागत नाही, म्हणून तर ही जास्त शोषली जाणारी रूपं काढतात. अशा गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बाटलीवर यातलं अक्षर नव्हतं.

रानवाटा: बाटली विकणाऱ्याचं पाप संशोधकाच्या माथी का? कॅम्प्टोथेसिनपासून इरिनोटेकान हे केमोचं औषध आलं, ते लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत) भरून २०१५ पासून स्वादुपिंडाच्या कॅन्सरला देतात. तेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे, आणि त्या झाडाचं लाकूड चोरून तोडलं जातं. आधी पाला उकळल्याशिवाय रेणू सापडणार कसा?

टेस्टट्यूब: उकळा की! पण मग त्यातला रेणू वेगळा काढा, तिथेच थांबू नका. २०१६ च्या एका आढाव्यात जनावरांवरचे प्रयोग तपासले होते, टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचले त्याचा मध्यक (सगळ्या प्रयोगांतला मधला आकडा) ०.७ टक्के. प्रयोगशाळेतल्या बशीत तर शंभर टक्के पेशींवरच पडतात. उंदरापर्यंत न गेलेल्या पेपरच्या मथळ्यात ‘उपचार’ हा शब्द तरी घालू नका.

रानवाटा: एवढं मान्य. पण उंदरांना लागणारी ग्रँट तालुक्याच्या कॉलेजला कोण देणार, तेही सांगा.