'स्पायनल कॉर्ड कम्प्रेशन'ला मराठीत काय लिहायचं?

खानापूरकर: बेळगावच्या एका दवाखान्यासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना द्यायचं पत्रक मराठीत करतोय. विषय: मणक्यांमधून जाणारा नसांचा जाड दोर (स्पायनल कॉर्ड) दबणं. कोशात 'मेरुरज्जू संपीडन' सापडलं. वॉर्डातल्या एका मावशींना वाचून दाखवलं, त्यांना एक अक्षर कळलं नाही. 'शीर दबली' लिहू का?

वॉर्डसिस्टर: नको! 'शीर दबली' म्हटलं की लोकांना कंबरेतून एका पायात उतरणारी कळ आठवते. लोक मालिश करून घरी बसतात. मज्जारज्जू (स्पायनल कॉर्ड) दबला की बहुधा दोन्ही पायांची ताकद जाते, लघवी अडते. आमच्याकडे कारणं ठरलेली: स्तन, फुप्फुस, प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरणं, मणक्याचा टीबी, पडून मोडलेला मणका, सरकलेली चकती, मानेतली झीज.

चिकोडीचा: कन्नडात 'बेन्नुहुरी' म्हणतात, पाठीची दोरी. अडाणी माणसालाही कळतं. आपण 'पाठीची दोरी दबणे' का लिहू नये?

शुद्धमराठी: रज्जू म्हणजे दोरीच की! 'मज्जारज्जू' शाळेच्या पुस्तकात आहे. कन्नडाची उसनवारी कशाला?

चिकोडीचा: दोरी कन्नड कधीपासून झाली? आणि मणका म्हणजे मणी. मण्यांतून दोरी जाते, हे आपल्याच भाषेत आहे.

वॉर्डसिस्टर: माळेची दोरी मणी धरून ठेवते, ही धरत नाही. शिवाय मोठ्या माणसात ती कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते, खाली नुसता नसांचा जुडगा. पण 'मज्जा'ही अडचणीचीच. मायलोमा हा अस्थिमज्जेचा, म्हणजे हाडांतल्या मगजाचा कॅन्सर, त्यानंही मज्जारज्जू दबतो. एकाच पानावर दोन मज्जा आल्या की नातेवाईक गोंधळतात.

निपाणीकर: सगळ्यात घातक शब्द 'गॅप'. माझ्या काकांना सगळे 'मणक्यात गॅप आहे' म्हणत राहिले. आडवं झालं की पाठ जास्त दुखायची. "पाय जड वाटूलालेत" म्हणाले, तरी कुणी मनावर घेतलं नाही. पाय पार लुळे पडल्यावर एमआरआय झाला. मणक्याचा टीबी निघाला.

वॉर्डसिस्टर: खानापूरकर, हेच वर ठळक लिहा. पाठदुखीबरोबर पाय लटपटू लागले, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. नाव खाली काहीही टाका.

शुद्धमराठी: नाव 'काहीही' कसं चालेल? आणि रज्जू संस्कृतात स्त्रीलिंगी, तेव्हा 'दबली' हवं.

चिकोडीचा: निपाणीकर, 'वाटूलालेत' तुमच्याकडेही म्हणतात? मला वाटायचं ते बेळगाव-चंदगडकडचं.

निपाणीकर: काकांची सासुरवाडी चंदगड. आम्ही 'वाटालेत' म्हणतो.

खानापूरकर: पत्रक सोमवारी छापायला जातंय. दोरी की रज्जू?