सुजलेला गाल आणि राजवाडा: तुमचेही अनुभव लिहा

तिरफळ:
आज लेकीची अक्कलदाढ काढली. गालाला बर्फ लावून पडली आहे, आणि तिला बघून मला एकदम बँकॉक आठवलं. माझ्या खालच्या दाढेच्या इम्प्लांटसाठी गेलो होतो. हाडात स्क्रू बसवला, टाके घातले आणि आठवड्याने या म्हणाले. तिसऱ्या दिवशी हॉटेलची भिंत बघवेना, म्हणून बोटीने ता चांगच्या धक्क्यावर उतरून राजवाड्यात गेलो. १७८२ सालचा राजवाडा आणि माझा १७८२ सालचाच वाटावा असा चेहरा! दारावरच्या यक्षांचे सुळे तरी जागच्या जागी होते.

आतल्या देवळात जायचं तर बूट काढायचे. वाकले आणि सगळं रक्त दाढेत उतरलं. ठण ठण ठण. आत बुद्धाची मूर्ती एवढीशी, साधारण ६६ सेंटिमीटरची, पण इतकी उंच बसवलेली की मान वर करूनच बघावं लागतं. मान वर केली आणि ठणका कमी झाला. मग काय, पाय मागे घेऊन अर्धा तास तशीच बसले. नवऱ्याला वाटलं, बायकोला भक्ती लागली.

तुमचं असं काही?

भुईनळा:
भक्ती लागली 😂😂

कोकमसार:
शहाळं! स्ट्रॉने प्यायचं नाही, ओढून रक्ताची गुठळी निघते म्हणून सांगितलेलं. पेल्यात ओतून घेतलं, तर ओठाची भूल उतरली नव्हती. निम्मं कुर्त्यावर. तसंच बँकॉकच्याच 'वाट फो' नावाच्या देवळात गेले. आडवा बुद्ध ४६ मीटर लांब, आणि मागे १०८ भांड्यांत लोक एकेक नाणं टाकत जातात. टण्. टण्. प्रत्येक टण् माझ्या जबड्यात.

निवांत_नाना:
तिरफळताई, 'पाचूचा बुद्ध' म्हणतात पण तो पाचू नव्हे हो, हिरवा जेड आहे. वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की राजा स्वतः त्याची वस्त्रं बदलतो. आपल्या देवांना गरम कपडे घालतात तसंच.

तिरफळ:
नाना, आम्ही गेलो तेव्हा पावसाळी वस्त्रं होती बहुतेक. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसलं नाही.

पाटावरवंटा:
पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती भिंतीवरचं रामायण कोणी पाहिलं का? १७८ चित्रं. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही!! रावणाच्या मुलीशी, म्हणजे मत्स्यकन्येशी, त्याचं जुळतं. आमच्या सासूबाई तिथून हलल्याच नाहीत, "हे कुठलं रामायण" म्हणत.

भुईनळा:
आणि रावणाला दहा तोंडं. रूट कॅनालचं बिल काढा.

पाटावरवंटा:
३२० दात. ग्रुप डिस्काउंट मागेल.

हळदीचं_पान:
मी कंबोडियात, नॉम पेनला. दोन कॅप बसवल्या, मधल्या दिवशी तिथला राजवाडा आणि त्यातलं सिल्व्हर पॅगोडा हे देऊळ. जमिनीत चांदीच्या पाच हजारांवर फरशा, पण बहुतेक गालिच्याखाली. कडेच्या तेवढ्या दिसल्या. आमच्या आजोबांच्या दातातही चांदी होती, तीही हसले तरच दिसायची.

कोकमसार:
हळदी, कॅप टिकल्या का गं? दुसऱ्या भेटीचा खर्च परत वेगळा का? आईसाठी विचारतेय, विपु (विचारपूस) बघ.

एकटा_जीव:
बँकॉकमध्येच, राजवाड्याबाहेर टुकटुकवाला म्हणाला, आज बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो. तोंडात गॉझ. मी फक्त "ऊंऽऽ". त्याने तीनदा विचारलं, तीनदा "ऊंऽऽ". कंटाळून गेला बिचारा. शंभर पावलांवर राजवाडा उघडा. मग चड्डी गुडघ्याच्या वर म्हणून आत सोडेनात, ते वेगळंच. ५०० बाटचं तिकीट नंतर, आधी पँट विकत घेतली. हत्तींची. अजून झोपताना घालतो.

हळदीचं_पान:
हत्तींची पँट घरोघरी 🐘 आमच्याकडे तीन.

निवांत_नाना:
आम्ही सात दिवस जोक खाल्ला. तांदळाची पेज हो, विनोद नव्हे.

तिरफळ:
😄 लेक उठली. काहीतरी म्हणतेय, "ऊंऽऽ" एवढंच कळतंय. पेज टाकते, येतेच.