लाल दगड सापडलाय, मॅग्नेट चिकटत नाही, मग यात लोखंड आहे की नाही?

भटक्या_०७:
मुठीएवढा तांबडा दगड मिळालाय. हात फिरवला की सँडपेपरसारखा लागतो, घासला की बोटं लाल. मधेच पांढुरके गोल ठिपके आहेत आणि एक गडद चॉकलेटी पट्टा, तो बाकीपेक्षा टणक. मॅग्नेट लावला तर ढिम्म. भाऊ म्हणतो वीट आहे 😀

दगडवेडा:
मॅग्नेटवर जाऊ नका. लाल रंग हेमॅटाइट या लोखंडाच्या खनिजाचा असतो, म्हणजे गंजाचाच भाऊ, आणि तो साध्या मॅग्नेटला जवळपास दाद देत नाही, पटकन चिकटतो तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचंच दुसरं खनिज. भिंगातून बघा, ०.०६ ते २ मिमीचे वाळूचे कण दिसले तर वालुकाश्म. एखादा कण सुटा करून बघा, आतून काचेसारखा निघेल, लाली फक्त वरच्या पापुद्र्याची. म्हणून एक-दोन टक्के लोखंडातही अख्खा दगड लालभडक होतो. (विटेचा लालपणाही हेमॅटाइटचाच, भाऊ अगदीच चुकला नाही.)

खडूवाली:
जांभा नाही ना बघा, त्यात भोकं असतात, असे वाळूचे कण आणि थर दिसत नाहीत. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर रेघ ओढा, पण त्या चॉकलेटी पट्ट्याने, कारण वाळूतला क्वार्ट्झ (गारगोटीचं कठीण खनिज) फरशीलाच ओरखडे काढतो आणि मग आपण त्या पांढऱ्या भुकटीवरून भलतंच ठरवतो, मी केलंय हे. रेघ लालसर आली तर हेमॅटाइट, पिवळट तपकिरी आली तर गोएथाइट (हेही लोखंडाचंच खनिज). पांढरे ठिपके म्हणजे तिथलं लोखंड ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात विरघळून निघून गेलं. तेच लोखंड दुसरीकडे पुन्हा साचलं की असे टणक पट्टे होतात.

दगडवेडा:
आणि वजन करा ना, मग पाण्यात बुडवून किती पाणी चढतं ते मोजा आणि वजनाला त्याने भागा. साधा वालुकाश्म पाण्याच्या सव्वादोन-अडीच पट जड, शुद्ध हेमॅटाइट पाच पटीच्या वर. आधी रात्रभर भिजवा, नाहीतर आतली हवा हिशोब बिघडवते.

भटक्या_०७:
भिजवून केलं. ३१२ ग्रॅम, पाणी चढलं १२५ मिली, म्हणजे २.५ च्या आसपास, लोखंड नुसतं रंगापुरतंच दिसतंय. पट्ट्याची रेघ मात्र पिवळट तपकिरी आली!

खडूवाली:
मग पट्टा गोएथाइटचा आणि बाकी लाली हेमॅटाइटची. फोडू नका तो.