एस्पोझितो, म्हणजे ‘बाहेर ठेवलेला’: अशा आडनावावर बंदी घालणं बरोबर होतं का?

तळ्यात_मळ्यात (धागालेखक)

आमच्या प्रोजेक्टवर नापोलीचा एक एस्पोझितो आहे. पहिल्याच कॉलवर मी अमेरिकन लोकांसारखा ‘सी’वर जोर देऊन त्याला हाक मारली. तो म्हणाला, जोर ‘पो’वर. वर हसून म्हणाला, “जाऊ दे, ज्यांनी हे नाव आम्हाला दिलं त्यांनी तरी कुठे फार विचार केला होता!” तेव्हा मला काही कळलं नाही.

नंतर वाचलं. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. एक्स्पोझितुस म्हणजे बाहेर ठेवलेला, टाकलेला. नापोलीच्या फोर्चेल्ला भागात आनुन्त्सियाता नावाचं चर्च आहे, त्याला लागून इस्पितळ आणि टाकलेल्या मुलांचं घर होतं. भिंतीत एक खिडकी, आणि खिडकीत उभ्या आसावर फिरणारं, एका बाजूने उघडं लाकडी पिंप. रस्त्यावरून मूल त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि चालू लागायचं. आतली बाई मूल उचलून घ्यायची. ठेवणाऱ्याचं तोंड तिला दिसत नसे. याला म्हणायचे रुओता, म्हणजे चाक. मुलाच्या गळ्यात शिशाचा शिक्का अडकवायचे, त्यावर मेरीचं चित्र आणि नंबर. वहीत नोंद व्हायची आणि आडनावाच्या जागी पडायचं एस्पोझितो.

पुढे नेपोलियनचा मेव्हणा जोआकिम म्युरा नापोलीचा राजा झाला (१८०८ ते १८१५). त्याच्या राजवटीत नव्या मुलांना हे आडनाव द्यायला बंदी झाली. माझं मत सरळ आहे: बंदी योग्यच होती, आणि काही शतकं उशिरा आली. ज्या मुलाचा काडीचा दोष नाही, त्याने आयुष्यभर प्रत्येक सहीत ‘मी टाकलेला’ असं का लिहावं? लोकांना काय वाटतं?

हिशेबनीस

धागा आवडला, निष्कर्ष नाही.

बंदी आली तेव्हा आडनाव रुजून गेलं होतं. आज इटलीत सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांत एस्पोझितो आहे. रोस्सी, रुस्सो, फेर्रारी यांच्या पंगतीत. नापोलीत आणि एकूणच कांपानिया प्रांतात तर ते पहिलंच. म्हणजे बंदीने साधलं काय?

यातली गंमत गणिताची आहे. साधारण आडनाव एका घरातून किंवा एका गावातून निघतं आणि पोरं होतील तसं पसरतं. एस्पोझितोला मूळपुरुषच नाही. चाक फिरलं की नवा मूळपुरुष. दरवर्षी, शतकानुशतकं. त्यात आनुन्त्सियातातली तान्ही मुलं आसपासच्या खेड्यांतल्या दाईंकडे दुधावर पाठवायचे. जे मुलगे जगले ते अनेकदा तिकडेच शेतावर राहिले आणि नाव खेडोपाडी गेलं. जे जगले, असं मुद्दाम लिहितोय. या घरांमधले बालमृत्यू वाचवत नाहीत. आणि मुलींचं नाव पुढच्या पिढीत गेलंच नाही. तरीसुद्धा एवढे एस्पोझितो आहेत, यावरून चाक किती फिरलं असेल ते बघा.

इतक्या जणांचं जे नाव आहे त्याचा डाग उरत नाही. रस्त्यात “एस्पोझितो!” म्हणून हाक मारलीत तर चारजण वळून बघतील. लाजेल कोण?

तळ्यात_मळ्यात

आज कुणी लाजणार नाही, मान्य. १७५० साली बोलणी करायला गेलेल्या मुलाचं काय? पोरीच्या बापाने नाव विचारलं की पुढचं काही विचारायला नकोच.

मुक्काम_मिलान

इथे अकरा वर्षं झाली, म्हणून उत्तरेकडची बाजू सांगते.

आमच्या इमारतीच्या दारावर बेलच्या पाट्या आहेत. त्यात दोन कोलोंबो आणि एक एस्पोझितो. एस्पोझितो अर्थातच दक्षिणेतून आलेले. पण कोलोंबो? कोलोंबो म्हणजे कबुतर. इथल्या ओस्पेदाले माज्जोरे या जुन्या इस्पितळाच्या चिन्हात कबुतर आहे, आणि तिथे सोडलेल्या मुलांना कोलोंबो हे आडनाव देत. मिलानच्या आसपास कोलोंबोंचं जे पीक आहे, त्यातला मोठा वाटा तिथला. १८२५ मध्ये ती प्रथा बंद झाली, त्यानंतर प्रत्येक मुलाला वेगळं, बनवून काढलेलं आडनाव मिळू लागलं.

फ्लोरेन्सला इन्नोचेंती, म्हणजे निष्पाप. रोमकडे प्रोयेत्ती, म्हणजे सरळ ‘फेकलेले’. बोलोन्याला देल्यी एस्पोस्ती. आणि तिथल्या अनाथघराला लोक म्हणायचे बास्तार्दीनी. याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

माझा मुद्दा: कोलोंबो आणि इन्नोचेंती ही मुलंही टाकलेलीच. पण कबुतर म्हणून जगणं आणि फेकलेला म्हणून जगणं यात फरक आहे की नाही? त्यामुळे मी धागालेखकाच्या बाजूने. शब्द निवडणारा कारकून निर्दोष नसतो.

(अवांतर: क्रिस्तोफर कोलंबसही कोलोंबोच, पण तो जिनोव्हाच्या विणकराचा मुलगा, बाप दोमेनिको कोलोंबो. म्हणजे आडनाव बघून कुणाचं कूळ काढायला जाऊ नये.)

आडवातिडवा

आला, दारावरच्या पाट्या वाचून समाजशास्त्र करणारा प्रतिसाद आला.

कबुतर काय आणि फेकलेला काय, दहा वर्षांत गावाला कळतंच की कोलोंबो म्हणजे इस्पितळातलं. कुठलाही सभ्य शब्द तुम्ही त्या दारावर टांगा, वर्षभरात तोच शिवी होतो. म्हणून नाव बदलणं हा सरकारांचा आवडता उद्योग. फुकटात होतो.

खरं काम कुणी केलं ते सांगतो. स्पेनचा राजा चौथा कार्लोस (गंमत म्हणजे याचा जन्म नापोलीजवळच्या पोर्तिचीचा). त्याने १७९४ मध्ये फर्मान काढलं की एक्स्पोझितो मुलं कायद्याने औरस धरायची आणि त्यांना कुणी अनौरस वगैरे म्हटलं तर म्हणणाऱ्याला दंड. नावाला हात लावला नाही, हक्क दिला. आडनाव सोडायची मोकळीक स्पेनमध्ये १९२१ च्या कायद्याने दिली, तीही ज्याला हवी त्याला. म्युराने दिलं काय? पुढच्या मुलांना दुसरं कुठलं तरी नाव. चाक फिरतच राहिलं. नापोलीचं चाक बंद झालं १८७५ मध्ये.

सातारी_कंदी

आडवातिडवा, फुकटात होतो म्हणता, पण ज्याचं नाव असतं त्याला विचारा.

आमच्याकडे ‘नकुसा’ होत्या. तिसरी-चौथी मुलगी झाली की नाव नकुसा. माझ्या वर्गात एक होती. हजेरीला बाई “नकुसा” म्हणायच्या आणि ती “हजर” म्हणायची. रोज. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही, हे आता जास्त लागतं. २०११ मध्ये साताऱ्यात अशा दोनशेहून जास्त मुलींची सरकारी कार्यक्रमात नवी नावं ठेवली. पेपरात तेव्हाही लिहिलं होतं की याने काय होणार, मुलगा हवा ही हाव थोडीच जाते. नाही जात. पण हजेरी बदलते. दिवसातून एकदा तरी ते ऐकायला लागत नाही.

इटलीतल्या पोरांनाही हजेरी असणारच की.

आडवातिडवा

हे मनाला लागलं, नाकारत नाही. पण एक फरक बघा. नकुसा हे घरच्यांनी दिलेलं नाव आहे, त्यात घरच्यांची नावड आहे. एस्पोझितो हे संस्थेने दिलेलं, आणि आनुन्त्सियातातल्या मुलांना नापोलीत ‘मादोन्नाची (म्हणजे मेरीची) लेकरं’ म्हणायचे. ती बोली आपुलकीची होती. वही एक सांगते, गल्ली दुसरं.

निशिगंधा७

गल्लीला इतकं गोड करू नका. ‘देवाचं लेकरू’ आपल्याकडेही कुणाला म्हणतात आणि कशाला म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मी फ्लोरेन्सच्या इन्नोचेंतीचं, म्हणजे तिथल्या जुन्या अनाथघराचं, संग्रहालय पाहिलं आहे, ते सांगते. इमारत ब्रुनेलेस्कीची, बाहेर निळ्या गोलांत दुपट्यात गुंडाळलेली बाळं. १४४५ च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं बाळ आलं, तिचं नाव ठेवलं आगाता झ्मेराल्दा. आत एका दालनात छोटे खण आहेत, प्रत्येकात मुलाबरोबर ठेवलेली खूण. अर्धं मोडलेलं नाणं. अर्धं पदक. चिंधी. दुसरा अर्धा आईकडे, म्हणजे पुढे कधी न्यायला आलं तर जुळवून दाखवता येईल. मी तिथून पटकन बाहेर आले.

आता कारकुनाबद्दल. १८७५ च्या जूनअखेर तिथलं चाक बंद केलं. त्या शेवटच्या दिवशी आलेल्या दोन मुलांची नावं ठेवली लाउदाता कियुसूरी आणि उल्तिमो लाशाती. कियुसूरीत ‘बंद होणं’ आहे. उल्तिमो म्हणजे शेवटचा, लाशाती म्हणजे सोडलेले. एस्पोझितोवर तर बंदी, पण लेखणी तीच ना? एस्पोझितो निदान हजारोंमध्ये मिसळून गेला. ‘शेवटचा सोडलेला’ कुठे मिसळणार? म्हणून बंदीने प्रश्न सुटला असं मला वाटत नाही. उलट प्रत्येक मुलाला वेगळं नाव शोधायचं म्हटल्यावर कारकुनाच्या कल्पकतेला रानच मोकळं.

तळ्यात_मळ्यात

उल्तिमो लाशाती. वाचून दोन मिनिटं थांबलो.

तुमचा मुद्दा मला अडचणीचा आहे हे कबूल. सार्वत्रिक नावात निदान गर्दीचा आडोसा असतो. पण मग उपाय बंदी काढणं नाही, नियम नीट करणं. आणि तो इटलीने पुढे केलाही.

मुक्काम_मिलान

हो, तेच लिहायला आले. २००० सालच्या नागरी नोंदणीच्या नियमांत स्पष्ट आहे: आईबाप माहीत नसलेल्या मुलाला असं नाव किंवा आडनाव देता येत नाही ज्यावरून त्याचा जन्म कळेल. ऐतिहासिक महत्त्वाचं आडनाव किंवा त्या भागातल्या बड्या घराचंही नाही. म्हणजे ‘सोडलेला’ नाही आणि ‘मेदिची’ही नाही. शिवाय आडनाव हास्यास्पद, लाजिरवाणं किंवा जन्म उघड करणारं असेल तर प्रेफेक्तकडे, म्हणजे साधारण आपल्या कलेक्टरकडे, अर्ज करून बदलता येतं.

तरी एस्पोझितो आहेत तेवढे आहेत. यावर हिशेबनीस खूश होतील.

हिशेबनीस

खूश आहे :) पण एक गैरसमज दोन्ही बाजूंनी चाललाय तो मोडायला हवा. सगळे धरून चाललेत की चाकातलं मूल म्हणजे लग्नाबाहेरचं. तसं नव्हतं. मिलानमध्ये एकोणिसाव्या शतकात लग्नाच्या नवराबायकोंची कितीतरी मुलं या घरात येत. कारण पोट. बाईला कामावर परतायचंय, घरात आधीची तीन, दूध नाही. काहीजण मूल थोडं मोठं झालं की परत न्यायला येत. निशिगंधांनी सांगितलेली अर्धी नाणी त्यासाठीच. नापोलीत तर सांगतात की चाकाच्या भोकातून मोठी पोरं जात नाहीत म्हणून तेल लावून आत ढकलायचे.

म्हणजे एस्पोझितो हे नाव जन्माबद्दल बोलत नाही, भुकेबद्दल बोलतं. ते आपण लाज म्हणून वाचतो. म्युरानेही तसंच वाचलं, आणि पुसलं. माझा विरोध इथे आहे. इटलीतल्या त्या काळच्या गरिबीची एवढी मोठी नोंद दुसरी कुठे आहे? फोनबुक उघडा, पानंच्या पानं.

सातारी_कंदी

नोंद तुम्हाला हवी, वागवायची त्यांनी. नोंदीसाठी वह्या आहेत की. आनुन्त्सियाताचं दफ्तर कुठे पळून जात नाही.

आडवातिडवा

सातारी, या धाग्यात पहिल्यांदा कुणाशी तरी सहमत. अर्थात धागालेखकाशी नाही.

पोटोबा

एवढे प्रतिसाद आणि पिझ्झा कुणीच काढला नाही? १८८९ मध्ये राणी मार्गेरीतासाठी टोमॅटो-मोझारेल्ला-तुळशीचा पिझ्झा केला असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो राफ्फाएले एस्पोझितो. (गोष्ट खरी की दुकानदारी यावर इतिहासवाले भांडतात, तो वेगळा धागा.) इटलीच्या राणीच्या पिझ्झ्याबरोबर जे नाव जगभर घेतलं जातं ते ‘टाकलेला’. बोला आता.

निशिगंधा७

याला म्हणतात चर्चेत तुळशीपत्र ठेवणं.

तळ्यात_मळ्यात

काल त्या सहकाऱ्याला विचारलंच. आधी मी त्याला “एस्पोझितो” म्हटलं तर म्हणाला, हे तुझं मिलानचं झालं, आमच्याकडे ‘झि’ नाही, ‘सि’, आणि शेवटचा ‘ओ’ आम्ही गिळतो. मग विचारलं, नाव बदलावंसं कधी वाटलं का. म्हणाला, शाळेत पटावर तीन होतो, मास्तर आम्हाला आद्याक्षरांवरून हाका मारायचे, त्रास एवढाच.

बायकोही एस्पोझितोच आहे. लग्नानंतरची नव्हे, माहेरची. इटलीत बाई आडनाव बदलत नाही. दोघांचं नातं काही नाही, दोन वेगळ्या खेड्यांतली घरं. मागच्या वर्षी मुलगी झाली. २०२२ मध्ये तिथल्या घटनापीठाने निकाल दिला की मुलाला आता आई आणि बाप दोघांची आडनावं लागतात, दोघांनी मिळून एकच ठरवलं तर गोष्ट वेगळी. हा नोंद करायला गेला, तर खिडकीतल्या बाईने दोन्ही कागद पाहिले, पुन्हा पाहिले, आणि विचारलं, “दोन्ही लिहू?”

हा म्हणाला, “एकच पुरे.”