गंगापूरच्या वर लोणावळ्याची महाशीर सोडायची? माझा विरोध आहे

काठावरचा (धागाकर्ता):

आमच्या भागातल्या एका मंडळानं यंदा श्रावणात नाशिकजवळ गोदावरीवरच्या गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला महाशीरची वीस हजार बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडायचं ठरवलंय. वर्गणी जमली, फ्लेक्सचं डिझाईन ग्रुपवर येऊन गेलं. बोटुकली लोणावळ्याकडून आणायची म्हणतात. पोरं आमच्याच गल्लीतली, मनानं चांगली, त्यामुळं तोंडावर काही बोलवेना. म्हणून इथं लिहितो.

मासे सोडू नका असं मी म्हणत नाही. दुसऱ्या नदीचे सोडू नका, एवढंच.

महाशीर म्हणजे आपली खडशी. कर्नल साइक्सनं १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचं नावच शास्त्रीय नावात घातलं, 'खुद्री'. मुळा-मुठा जाते भीमेला, भीमा कृष्णेला. लोणावळ्याची इंद्रायणीही त्याच वाटेनं जाते. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघते ती राजमहेंद्रीच्या पुढं स्वतंत्रपणे समुद्राला मिळते. दोन खोऱ्यांच्या मध्ये डोंगरधार आहे आणि मासा डोंगर चढत नाही. म्हणजे नाव एक असलं तरी दोन्हीकडची घराणी कधीपासून वेगळी नांदताहेत. पहिल्या गढूळ पाण्याला कधी चढायचं, कुठल्या गोट्यांवर अंडी टाकायची, हे थोडंफार रक्तातूनच येतं.

कावेरीचं उदाहरण बघा. तिथली मूळची महाशीर कुबडाची, माणसाच्या वजनाला टक्कर देईल एवढी वाढणारी. त्या नदीत कित्येक वर्षं लोणावळ्याला वाढवलेली निळ्या परांची खडशी सोडली. हेतू चांगलाच होता. पुढं गळवाल्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा निळ्या परांची वाढत गेलेली आणि कुबडवाली दिसेनाशी होत चाललेली. कुबडवालीची शास्त्रीय ओळख नीट पटली २०१८ मध्ये, टोर रेमादेवी म्हणून. त्याच वर्षी ती धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून गेली. ज्या माशाला धड नावही नव्हतं, त्याच्या घरात आपण पाहुणे भरत होतो.

पंचवटीकर_पोरगा:

काका, ओळखलं तुम्हाला. मंडळात मीच आहे. फ्लेक्स मीच केलाय.

एक, कावेरीत दोन वेगळ्या जाती होत्या. इथं खडशीच्या नदीत खडशीच सोडतोय. दोन, ही जात आता जागतिक यादीत 'कमी चिंतेची' आहे, मीही वाचतो. तीन, नाशिकची मुलगी आपण पुण्याला देतोच ना? नवीन रक्त आलं तर चांगलंच की. आणि चार, धरणाच्या वर खडशी उरलीय किती? तुम्ही शेवटची कधी पाहिली? सहा महिने आम्ही प्लॅस्टिक उचललं तेव्हा कुणी धागा काढला नाही.

काठावरचा:

शेवटचा मुद्दा मान्य. प्लॅस्टिकला मी आलो नाही, गुडघा दुखत होता (खरंच).

लग्नाचा दाखला चांगला आहे, पण तो पुरा कर. एक सून घरात आली तर नवीन रक्त. इथं काय होणार? गावात पन्नास माणसं, आणि एका रात्रीत एकाच घरातली वीस हजार भावंडं आणून सोडायची. दोन पिढ्यांनी गाव कुणाचं?

'कमी चिंतेची' हे अख्ख्या जातीचं प्रगतिपुस्तक आहे. त्यात आपल्या वरच्या गोदावरीला वेगळे मार्क नसतात. जात टिकते आणि नदीतलं घराणं जातं, असं होऊ शकतं, यादीला त्याचा पत्ताही लागत नाही.

दारणाकाठ:

मी मासेमारी करतो. बाप, आजा तेच करायचे. तुमचं दोघांचं वाचलं.

जनुकं कढईत टाकून कालवण होत नाही भाऊ. आमच्या संस्थेला धरणाचा ठेका भरावा लागतो, तो राहू-कटल्याच्या बोटुकलीवर निघतो. ही पण काय इथली नव्हं, उत्तरेतल्या गंगेकडची. तेव्हा कुणाला खोरं आठवलं न्हाई. आता चिलापी (तिलापिया) एवढी झालीय की जाळ्यात दुसरं येईना. मंग खडशीवरच एवढी चर्चा का? खडशीला गिऱ्हाईक भाव देतं. सोडू द्या पोरांना.

फक्त एक सांगतो. सोडून ऱ्हाणार न्हाई ती. खडशीला वाहतं पाणी लागतं, गोटे लागतात. धरणाच्या गाळात ती अंडी टाकत न्हाई.

पेठरोड:

दारणाकाठ दादांशी सहमत. आधी रामकुंडाचं काँक्रीट, पाणवेली आणि नाल्यांचं पाणी बघा. सिंहस्थ तोंडावर आहे. डीएनए नंतर.

सव्वाशेर:

मत्स्यशास्त्र शिकलेय, सध्या दुसरंच काम करते. मला 'वीस हजार' या आकड्याबद्दल बोलायचंय, कारण फ्लेक्सवर तो सगळ्यात मोठा असणार.

१० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरींनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास करून दाखवली. तेव्हापासून बीजासाठी, म्हणजे माशांच्या पिल्लांसाठी, नदीच्या पुरावर अवलंबून राहायचं कारण उरलं नाही. फार मोठं काम, देशाचं ताट त्यानं भरलं. पण त्यातच एक गंमत आहे. हौद भरायला फार आईबाप लागत नाहीत. महाशीरची मादी राहूसारखी लाखांनी अंडी देत नाही, किलोमागे काही हजार देते, तरी वीस हजार पिल्लांना तीन-चार मोठ्या माद्या पुरतात.

समजा ३ माद्या आणि २ नर वापरले. प्रभावी संख्या, म्हणजे जनुकांच्या हिशेबात खरे आईबाप किती, ती काढायचं सूत्र सोपं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. ४ × २ × ३ ÷ ५ = ४.८. म्हणजे टँकरमध्ये मासे वीस हजार, पण जनुकांच्या हिशेबात पाचसुद्धा नाहीत. एका पिढीत आंतरप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) किती वाढतं? १ भागिले त्या संख्येची दुप्पट, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. तेच २० नर आणि २० माद्या घेतल्या तर संख्या ४० आणि वाढ सव्वा टक्का. टँकर तोच, डिझेल तेवढंच.

तेव्हा बीज विकत घेताना पहिला प्रश्न 'किती हजार' असा नको. 'किती जोड्यांचं, आणि त्या कुठल्या नदीतून धरल्या' हे विचारा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

दुसरं, हौदात वाढलेल्या माशाची निवडच वेगळी होते. वरून सावली पडली की जंगली पिल्लू दगडाखाली पळतं, हौदातलं खाद्य आलं म्हणून वर येतं. खंड्याची सोय. अमेरिकेत ओरेगॉनच्या हूड नदीत स्टीलहेड माशांवर काम झालं, ते २००७ मध्ये छापून आलं. बंदिस्त वाढवलेल्या दर पिढीमागे नदीत पिल्लं वाढवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटत होती.

तिरकस:

सगळे एकाच सुरात लागले म्हणून उलटं बोलतो. शुद्ध घराण्याच्या नादात घराणंच बुडतं, त्याचं काय?

१९९२ साली अमेरिकेतल्या आयडाहोच्या रेडफिश तळ्यात समुद्रातून आठ धरणं पार करून, चौदाशे किलोमीटरवर चढून सॉकाय सामन किती परत आले? एक. एक नर. लोकांनी त्याचं नाव 'एकटा लॅरी' ठेवलं. त्याचं वीर्य गोठवलं, हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) पैदास केली, आणि पुढं काही वर्षी हजारावर मासे परत आले. हॅचरी नसती तर लॅरीचा फोटो उरला असता.

फ्लोरिडाचे पँथर पंचवीस-तीसवर आले होते. शेपट्या मोडक्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून ८ माद्या आणून सोडल्या आणि ते सावरले. बाहेरचं रक्तच होतं ते! गंगापूरच्या वर खडशी उरली असेलच तर ती कोंडलेली आहे. खाली उतरली तर परत चढायला वाट नाही. कोंडलेल्या चार माशांची शुद्धता जपायची, म्हणजे त्यांना आपापसात मरू द्यायचं. धागाकर्ते यावर बोलत नाहीत.

काठावरचा:

बोलतो. तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात भारी आहे, रात्री दोनदा वाचला.

पण लॅरी रेडफिशचाच होता हो. तिथल्याच उरलेल्या माशांपासून पैदास केली, कुणाचा कुणाशी जोड लावायचा हे बघून केली. शेजारच्या खोऱ्यातून टँकर नाही आणला. पँथरच्या माद्या आठच होत्या, आणि त्याआधी दोष मोजले होते. इथं आपण काय मोजलंय? वर खडशी आहे की नाही हेच माहीत नाही. चार उरलेत असं धरून औषध देताय, आणि तेही बादलीनं.

मोजून खरंच कोंडलेली निघाली तर बाहेरचे पाच-दहा नर आणायला माझा विरोध नसेल. आधी मी 'दुसऱ्या नदीचे नकोच' म्हणालो होतो. तेवढं मागे घेतो.

सव्वाशेर:

मोजायला मासा मारावा लागत नाही. परांचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, जागा-तारीख लिहायची, मासा परत पाण्यात. पर पुन्हा येतो. लखनौला माशांच्या जनुकीय संपदेची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं हेच काम चालतं, माशांचं वीर्यही गोठवून ठेवतात. एखाद्या कॉलेजातून विचारलं तर दार उघडेल.

आणि प्रत्येक स्थलांतरी माशाला हे खोऱ्याचं गणित लागू होत नाही. अहीर (सापासारखा लांब मासा) समुद्रात जाऊन अंडी घालतो आणि पिल्लं नदी चढतात. युरोपातल्या त्याच्या भावंडांची अख्ख्या खंडात मिळून जवळपास एकच पैदास आहे, नदीगणिक घराणं नाही. तिथं बीज कुठलं यापेक्षा धरणं किती हा प्रश्न मोठा. पैठणच्या जायकवाडी धरणाची भिंत १९७६ पासून उभी आहे, त्याखालीही बंधाऱ्यांची रांग.

तिरकस:

मग दमणगंगेचं पाणी बोगद्यातून गोदावरीत आणायचे बेत चाललेत, त्या पाण्याबरोबर अंडी-पिल्लं येणार नाहीत का? तुमची डोंगरधार सरकारच फोडणार. मंडळाच्या टँकरवर केवढा राग!

काठावरचा:

त्याचाही राग आहे. तो टँकर अडवण्याएवढी माझी पोच नाही.

दारणाकाठ:

तुम्ही शहरातली मोजा, मी पाहिलेलं सांगतो.

मागच्या साली मृगाच्या दुसऱ्या पावसाला रात्री बंधाऱ्यावर होतो. बरगे (बंधाऱ्याच्या दारांच्या फळ्या) मे अखेर काढायचे, ते निम्मेच काढलेले. पाणी उरलेल्या बरग्यांवरून धबाधबा पडत व्हतं. बॅटरी मारली तर खाली मासाच मासा. मळे, शिंगाळे, मधीच हातभर एक खडशी. उडी मारायची, फळीवर आपटायची, थप्प आवाज, परत खाली. पुन्हा उडी. असं किती येळ. चढणीचा मासा मागं फिरत न्हाई. खाली लोक पाग (फेकायचं जाळं) घेऊन उभे. मी पण व्हतो, खोटं कशाला बोलू. दोन फेक्यांत घमेलं भरलं. घरी चिरली तर निम्मं घमेलं गाबोळीच, अंडीच अंडी. म्हातारी म्हणली, आरं, पुढच्या साली काय धरशील?

खडशी सोडली व्हती मी. तिच्या नाकाडाची कातडी सोलली व्हती आपटून, बघवंना.

तर बोटुकलीचे पैसे राहू द्या. सगळे बरगे टायमाला निघाले, आणि चढणीचे आठ-दहा दिस बंधाऱ्याखाली पाग बंद ठेवला, तर मासा आपला आपण वर जातो. आमची पोरं राखण बसतील, रोज द्यावा लागंल. तेवढे दिस चूल बंद ठेवायची म्हणता का आमची?

पंचवटीकर_पोरगा:

दादा, राखणीचं मंडळात बोलतो. पण धरणाच्या भिंतीला बरगे नसतात. तुमच्या बंधाऱ्यावरून चढलेली खडशी पुढं भिंतीलाच आपटणार. म्हणून तर वर सोडायची म्हणत होतो.

दारणाकाठ:

भिंतीच्या खाली पण ओढे हायेत की. तिथं चढंल.

सव्वाशेर:

महाडजवळ नदीत वाळणकोंड आहे. देवीचा डोह म्हणून तिथल्या महाशीरला कुणी हात लावत नाही. ना हॅचरी, ना योजना. बंधाऱ्याखालचा एखादा डोह असा राखता येतो का, गावात विचारा. आणि मृगाला मला कळवाल का? मी कुप्या घेऊन येते.

दारणाकाठ:

तुम्ही या ताई. तारीख मात्र आत्ता सांगता येत न्हाई. रात्री दोनला पण फोन करीन, उचला. चप्पल नको, शेवाळ असतं.

पंचवटीकर_पोरगा:

अपडेट: काल मीटिंग झाली. महाशीर या वर्षी थांबवली. काका, तुमच्यामुळे नाही, समोरून 'किती जोड्यांचं बीज' याचं उत्तर मिळालं नाही म्हणून. राखणीला दहा दिवसांचा रोज मंजूर झालाय.

पण टँकरवाल्याला ॲडव्हान्स गेलाय आणि पाहुण्यांना निमंत्रण गेलंय. त्यामुळे श्रावणात त्याच तारखेला राहू-कटला सोडतोय. फ्लेक्सवर फक्त माशाचा फोटो बदललाय.

दारणाकाठ:

धरणात सोडा. बोटभर तरी असू द्या, बारकं चिलापी खाती.

काठावरचा:

नवीन धागा काढतो.